माळ्यावरचा कॅसेटवाला गेम पुन्हा सुरू करताना

वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर पडून असलेला कॅसेटवाला व्हिडिओ गेम खाली काढला, की पहिली चूक हमखास एकच होते. घरातला हाताला लागेल तो अडॅप्टर त्यात खुपसून बटण दाबलं जातं. इतकी वर्षं शाबूत राहिलेला डबा त्या एका क्षणात कायमचा जाऊ शकतो. म्हणून क्रम आधीच पक्का करा: उघडायचा, बघायचा, मोजायचा, पुसायचा. वीज त्यानंतर.

हा लेख वरच्या खाचेत पिवळी, निळी नाहीतर काळी कॅसेट खोचायच्या गेमबद्दल आहे. मीडिया, लिटिल मास्टर, टर्मिनेटर अशी नावं वेगवेगळी असली, तरी पोटातली रचना एकाच यंत्राची आहे: निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये बाजारात आणलेल्या फॅमिकॉमची. हे माहीत असणं कामाचं आहे, कारण फॅमिकॉमच्या पिनांची मांडणी आणि दुरुस्तीचे बरेचसे धडे आपल्या डब्याला जसेच्या तसे लागू पडतात. कॅसेटला ६० पिना असतात, दोन्ही अंगांना ३०-३०. अमेरिकेत हेच यंत्र एनईएस नावाने विकलं गेलं, पण त्याच्या कॅसेटला ७२ पिना असतात आणि ती आपल्या खाचेत बसत नाही. परदेशातून कुणी हौसेने कॅसेट आणणार असेल, तर हे त्याला आधी सांगून ठेवा.

सामानाची जमवाजमव

साधा डिजिटल मल्टिमीटर, २५ वॉटची सोल्डरिंग गन, ०.८ मिलिमीटरची ६०/४० सोल्डर तार, थोडा फ्लक्स आणि सोल्डर ओढायचा पंप एवढं पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत एका फेरीत मिळतं. तिथेच ७८०५ रेग्युलेटर (अडॅप्टरची वीज ५ व्होल्टवर आणणारा तीन पायांचा भाग), १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे दोन कपॅसिटर आणि अडॅप्टरची एक जादा खोबणी घेऊन ठेवा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली लागेल. साधं सर्जिकल स्पिरिट चालेल का, असं बरेचजण विचारतात. त्यात पाणी जास्त असतं आणि कधीकधी तेलकट पदार्थही मिसळलेले असतात, म्हणून ते टाळलेलं बरं. शिवाय कानाच्या काड्या, मऊ पांढरं खोडरबर आणि एक जुना टूथब्रश.

गेमच घरात नसेल, तर रविवारी किंवा बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात सकाळी लवकर जा. तिथे चालवून बघता येत नाही, म्हणून निवडताना चार गोष्टी पाहा. तळाचे सगळे स्क्रू जागेवर आणि न झिजलेले हवेत. खाचा झिजलेल्या असतील तर आधी कुणीतरी डबा उघडून खटपट केलेली आहे. कॅसेटच्या खाचेत मोबाइलचा टॉर्च मारा, पिना दोन्ही बाजूंना एका रांगेत दिसल्या पाहिजेत. हलवल्यावर आत काही खडखडता कामा नये. आणि बाजूला पिवळी व्हिडिओची खोबणी असेल, तर दहा रुपये जास्त गेले तरी तोच घ्या. नुसत्या अँटेनाच्या वायरवर चालणारा गेम आजच्या टीव्हीला जोडताना फार डोकेदुखी होते.

उघडल्यावर काय बघायचं

तळाचे स्क्रू काढून वरचं झाकण सरळ उचला. बटणांच्या वायरी आखूड असतात, झटका दिला तर त्या मुळातून तुटतात. काही काढण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा.

आधी अडॅप्टरच्या खोबणीच्या सोल्डरचे डाग उलट्या बाजूने पाहा. वर्षानुवर्षं वायर ओढली गेल्यामुळे तिथल्या सोल्डरला गोल, केसाएवढी बारीक चीर पडते. ‘वायर हलवली की चालू होतो, सोडली की बंद पडतो’ ही तक्रार जवळपास नेहमी या चिरेमुळे असते. जुनं सोल्डर पंपाने ओढून घ्या, थोडा फ्लक्स लावा आणि नवा डाग द्या. नुसता वरून गरम करून भागवलं तर महिन्याभरात चीर परत येते.

मग कपॅसिटर, म्हणजे बोर्डवरची छोटी उभी नळकांडी. डोकं फुगलेलं असेल किंवा बुडाशी तपकिरी चिकट डाग असेल, तर तो बदलायचाच. नवा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि व्होल्टेज तितकंच किंवा जास्त असलेला घ्या. पट्टीची बाजू उणे असते, ती उलटी बसली तर कपॅसिटर फुटतो.

बोर्डवर काळ्या डांबरासारखा गोल थेंब दिसेल, त्याखाली मुख्य चिप असते. तो खरवडू नका. ती चिप गेली असेल तर तिची दुरुस्ती नाही, पण तसं मानायच्या आधी पुढचं सगळं तपासून झालेलं असू द्या.

अडॅप्टर

जुन्या अडॅप्टरवर सहसा ‘९ व्होल्ट डीसी’ लिहिलेलं असतं. डीसी हा शब्द नीट वाचा, कारण अमेरिकेतल्या एनईएसचा अडॅप्टर ९ व्होल्टचाच पण एसी असतो, आणि तो आपल्या डब्याला घातक आहे. ट्रान्सफॉर्मरचा जड अडॅप्टर मोकळा मोजला तर मीटर १२-१३ व्होल्टही दाखवेल. तो बिघडलेला नाही, भार आला की खाली येतो.

खरा धोका अधिक-उण्याचा. मूळ फॅमिकॉमचा अडॅप्टर १० व्होल्ट, ८५० मिलीअँपिअरचा आणि मधली पिन उणे असलेला होता. आज घरात पडलेले राउटरचे, सेट-टॉप बॉक्सचे अडॅप्टर जवळजवळ सगळे मधली पिन अधिक असलेले. पिन मापात बसते म्हणून लोक लावतात आणि ७८०५ किंवा कपॅसिटर जातो. आपल्याकडच्या डब्यांत दोन्ही प्रकार सापडतात, त्यामुळे अंदाजावर जाऊ नका, मोजा.

बोर्डवर तीन पायांचा ७८०५ शोधा. तो बहुधा पत्र्याच्या तुकड्याला स्क्रूने बसवलेला असतो. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावा पाय आत येणारी वीज, मधला ग्राउंड आणि उजवा बाहेर जाणारे ५ व्होल्ट. गेमचं बटण चालूवर ठेवा, अडॅप्टर मात्र लावलेला नको. मीटर बझरवर (दोन टोकं आतून जोडलेली असतील तर वाजतो त्या खुणेवर) ठेवून एक टोक मधल्या पायाला आणि दुसरं खोबणीतल्या मधल्या पिनेला लावा. वाजलं, तर मधली पिन उणे. तिथे न वाजता बाहेरच्या पत्रीवर वाजलं, तर मधली अधिक. दोन्हीकडे वाजलं नाही, तर खोबणीजवळ चार डायोडचा चौक आहे का पाहा. असेल तर कुठलीही बाजू चालते. आणि दोन्हीकडे वाजलं, तर आत शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत वीज देऊ नका.

नवा अडॅप्टर ९ व्होल्ट, किमान ५०० मिलीअँपिअरचा घ्या. अँपिअर जास्त असले तर काही बिघडत नाही, गेम लागेल तेवढेच ओढतो. व्होल्ट जास्त झाले तर मात्र बिघडतं. ७८०५ जादा व्होल्ट उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतो. गेम ३०० मिलीअँपिअर ओढतो असं धरा: ९ व्होल्टवर ४ व्होल्ट जादा, म्हणजे १.२ वॉट उष्णता. १२ व्होल्टवर ७ व्होल्ट जादा, म्हणजे २.१ वॉट. छोट्या पत्र्याला एवढी उष्णता झेपत नाही आणि अर्ध्या तासाने चित्र गोठतं. उलट ७ व्होल्टच्या खाली गेलात तर ७८०५ ला ५ व्होल्ट धरून ठेवता येत नाहीत.

आता कॅसेट न लावता अडॅप्टर जोडा आणि उजव्या पायावर मोजा. ४.७५ ते ५.२५ मध्ये आकडा आला की ठीक. डाव्या पायावर वीज आहे, उजव्यावर शून्य आहे आणि ७८०५ थंड आहे, तर तोच गेलेला आहे, बदला. डाव्या पायावरच वीज नसेल तर खोबणी किंवा सरकतं बटण. बटणात अल्कोहोलचे दोन थेंब सोडून वीसेक वेळा मागेपुढे सरकवलं की आतला गंज बहुधा सुटतो. ७८०५ दहा सेकंदांत चटका बसेल इतका तापला, तर अडॅप्टर लगेच काढा, पुढे शॉर्ट आहे.

फुंकर मारू नका

कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय आपल्या सगळ्यांच्या हातात बसलेली आहे, आणि ती सोडायची आहे. फुंकरीने धूळ जात नाही, तोंडातला दमटपणा तांब्याच्या पट्ट्यांवर बसतो आणि कालांतराने हिरवट गंज धरतो. मग फुंकर मारल्यावर गेम चालायचा कसा? कॅसेट काढून परत बसवल्यामुळे पिना घासल्या जायच्या आणि नवी जागा पकडायच्या. न फुंकता नुसती काढून बसवली असती तरी चालली असती.

कॅसेटचं कवच उघडून बोर्ड बाहेर काढा. अल्कोहोलमध्ये भिजवलेली कानाची काडी पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने फिरवा, आडवी नको. काडी काळी होईल. ती काळी व्हायची थांबेपर्यंत नव्या काड्या घ्या. हट्टी डागांवर पांढरं खोडरबर हलकेच चालवा आणि चुरा ब्रशने झाडून टाका. पॉलिश पेपर मुळीच वापरू नका. पट्ट्यांवरचा मुलामा अतिशय पातळ असतो. एकदा तो गेला की उघडं तांबं पुण्याच्या एकाच पावसाळ्यात काळं पडतं.

खाचेसाठी वेगळी युक्ती लागते, कारण काडी आत जात नाही. जाड पुठ्ठ्याची कॅसेटइतकी रुंद पट्टी कापा, त्यावर न सुटणाऱ्या धाग्यांच्या सुती कापडाचा एकच पदर गुंडाळा, अल्कोहोलने ओलसर करा आणि कॅसेटसारखी दहा वेळा सरळ आत-बाहेर करा. पट्टीची एकूण जाडी कॅसेटच्या बोर्डापेक्षा जास्त होऊ देऊ नका, नाहीतर आतल्या स्प्रिंगच्या पिना कायमच्या फाकतात आणि मग नवी खाचच बसवावी लागते. अर्धा तास वाळू द्या.

त्यानंतरही चित्र बिघडलेलं असेल, तर बिघाडाचा प्रकार पडद्यावरूनच ओळखता येतो. ६० पिनांपैकी साधारण अर्ध्या प्रोसेसरच्या आणि अर्ध्या चित्र काढणाऱ्या चिपच्या असतात. पडदा एकाच रंगाचा, करडा किंवा निळा राहतो आणि आवाजही नाही, म्हणजे प्रोसेसरला कॅसेट वाचता येत नाही. त्या बाजूच्या पट्ट्या पुन्हा साफ करा. गाणं नीट वाजतंय, मारिओ बटणाला उडी मारतोय, पण त्याच्या जागी अक्षरांचे तुकडे आणि रेघा दिसतायत, म्हणजे प्रोसेसर ठीक आणि चित्राकडच्या पिना मळलेल्या. मारिओमध्ये आणखी एक छान खूण आहे. वरचा ढग आणि खालचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंगपट्टी वेगळी. दोन्हींच्या त्याच कोपऱ्यात तोच ठिपका चुकलेला दिसला, तर दोष चित्राच्या माहितीत, म्हणजे कॅसेटमध्ये किंवा तिच्या पट्ट्यांत आहे. टीव्हीला दोष देऊ नका.

सगळं दिसतंय पण आवाजच नाही, असंही होतं. फॅमिकॉमच्या रचनेत आवाज ४५ क्रमांकाच्या पिनेतून कॅसेटमध्ये जातो आणि ४६ मधून परत येतो. एका कॅसेटला आवाज आहे आणि दुसरीला नाही, तर टीव्हीचं बटण फिरवण्याआधी या दोन पट्ट्या पुसा.

टीव्हीला जोडणं

पिवळी खोबणी व्हिडिओची, लाल किंवा पांढरी आवाजाची. आवाज एकेरीच असतो, त्यामुळे टीव्हीच्या लाल-पांढऱ्यापैकी कुठेही लावा. नव्या टीव्हींवर बऱ्याचदा एकच बारीक गोल ‘एव्ही’ छिद्र असतं आणि त्यासाठी चार कड्यांची जोडवायर लागते. ती घेतल्यावर चित्राऐवजी नुसती घरघर आली, तर पिवळी वायर लाल टोकाला लावून बघा. कड्यांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो.

चित्र काळं-पांढरं आलं, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये रंगपद्धत ‘ऑटो’ किंवा ‘पाल’ करा. चित्रावरून आडवे पट्टे सावकाश सरकत असतील आणि आवाजात गुणगुण असेल, तर ७८०५ च्या आधीचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर थकलेला आहे.

नुसती अँटेनाची वायर असेल, तर कॅसेट लावून गेम चालू ठेवा आणि मगच टीव्हीवर अॅनालॉग वाहिन्यांचा शोध सुरू करा. गेम बंद असताना शोधलं तर टीव्ही ती जागा रिकामी समजून पुढे जातो. मुंग्या थांबून पडदा शांत झाला, की जवळ पोचलात. तिथून हाताने बारीक जुळवणी करा.

टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर मध्ये परिवर्तक लागतो. या गेमचं चित्र २५६ गुणिले २४० ठिपक्यांचं आहे. बरेच स्वस्त परिवर्तक त्याला नेहमीचं टीव्हीचं चित्र समजतात, त्यामुळे कडा थरथरतात आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा होते. टीव्हीत ‘गेम मोड’ लावा, सगळे ‘स्मूथ’ पर्याय बंद करा आणि पडदा ४:३ वर ठेवा. रुंद पडद्यावर ताणलं की गोल नाणं अंडाकृती होतं.

जागा असेल तर जुना डब्बा टीव्ही ठेवा, हा आमचा मनापासूनचा सल्ला. हे ठिपके त्याच काचेसाठी काढलेले होते. तिथे शेजारचे रंग एकमेकांत किंचित मिसळतात आणि मोजक्या चौकोनांतून चेहरा उभा राहतो. पण त्या टीव्हीचं मागचं झाकण स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही आत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.

बदकं मारायच्या गेमची बंदूकही त्याच टीव्हीवर चालते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उजळतो, आणि नळीतला प्रकाशाचा डोळा ‘आधी अंधार, मग उजेड’ झालं का ते बघतो. एलसीडीवर तो उजेड उशिरा पोचतो, म्हणून प्रत्येक नेम चुकतो. बंदूक बिघडली असं समजून ती टाकून देऊ नका.

रिमोटची बटणं

गेमच्या रिमोटचं एकच बटण चालत नसेल तर रबर, सगळीच मेली असतील तर वायर. इतकं लक्षात ठेवलं की निम्मी शोधाशोध वाचते.

रिमोट उघडल्यावर प्रत्येक रबराखाली कार्बनची काळी टिकली दिसेल. ती अल्कोहोलने घासू नका, कार्बन निघून येतो. कोरड्या कागदावर एक-दोनदा हलकेच फिरवा. बोर्डवरचे काळे बोटांसारखे पट्टे मात्र अल्कोहोलने पुसा. टिकली पार झिजली असेल, तर टीव्हीच्या जुन्या रिमोटच्या रबराची टिकली कापून सिलिकॉनच्या गोंदाने बसवता येते.

वायरीत पाच तारा असतात: ५ व्होल्ट, ग्राउंड, घड्याळ, लॅच आणि डेटा. ती बहुधा रिमोटच्या तोंडाशी, जिथे वाकते तिथेच तुटते. मीटर बझरवर ठेवून एकेक तार तपासा आणि तपासताना वायर हलवत राहा. तुटलेली जागा सापडली की त्याच्या पुढे दोन इंच कापून पुन्हा जोडा. तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कारखान्याने आपापले वापरलेत. आधी रंगांची नोंद करा, मग कापा.

तपासणीसाठी कॉन्ट्रासारखा गेम नाही. सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए आणि मग स्टार्ट. तीन जीव गेल्यावरही खेळ चालू राहिला, तर चारही दिशा आणि दोन्ही बटणं शाबूत आहेत. काही ‘अनेक गेम एकत्र’ कॅसेटमध्ये जीव आधीच वाढवून ठेवलेले असतात, म्हणून एकदा कोड न टाकताही खेळून बघा.

पिवळं पडलेलं कवच

पांढरं प्लॅस्टिक ऊन आणि हवेने पिवळं पडतं. केसांना लावायचं १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम, जे ‘४० व्हॉल्यूम’ नावाने मिळतं, ते हातमोजे घालून सगळीकडे सारखं लावा, स्वयंपाकघरातल्या पारदर्शक फिल्ममध्ये गुंडाळा आणि उन्हात ठेवा. बोर्ड, स्टिकर, स्क्रू आधी काढलेले हवेत. दर तासाला क्रीम सारखं करा, कारण ते जिथे सुकतं तिथे पांढरे चट्टे पडतात आणि ते नंतर जात नाहीत. एप्रिल-मे मधलं दुपारचं ऊन टाळा, पातळ झाकण वाकतं. डिसेंबर-जानेवारीचं सकाळचं ऊन वेळ जास्त घेतं पण काम नीट करतं.

गाणं वेगळं का वाटतं

संगणकावर हेच गेम लावले की अनेकांना मारिओचं गाणं घाईत वाजतंय असं वाटतं. हा भास नाही. जपान-अमेरिकेत हे यंत्र सेकंदाला ६० चित्रं दाखवायचं, आपल्याकडचे बहुतेक डबे पाल पद्धतीप्रमाणे ५०. तिकडे ६० सेकंद लागणाऱ्या गाण्याला इकडे ७२ लागायचे. सूर मात्र जवळपास तोच राहायचा, कारण या डब्यांच्या प्रोसेसरचा वेग मूळच्यापेक्षा जेमतेम एक टक्क्याने कमी होता.

आपला डबा कुठल्या प्रकारचा हे घड्याळ लावून कळतं. मारिओत वेळेचा आकडा १०० ने उतरायला ४० सेकंद लागले तर ६०चा, ४८ लागले तर ५०चा. संगणकावर हे गेम चालवणाऱ्या मेसेन किंवा एफसीईयूएक्स या प्रोग्राममध्ये प्रदेशाच्या यादीत ‘डेंडी’ निवडा. रशियात विकल्या गेलेल्या अशाच डब्याचं ते नाव आहे आणि त्याची गती आपल्या डब्यांशी जुळते. नुसतं ‘पाल’ निवडलंत तर युरोपातल्या यंत्राचा हळू प्रोसेसर येतो आणि सूर खाली जातो.

ठेवताना

जूनच्या आधी कॅसेटी झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसोबत ठेवा. रिमोटची वायर रिमोटभोवती गुंडाळू नका, सैल वेटोळं करून कापडी पट्टीने बांधा. रबरबँड उन्हाळ्यात वितळून वायरीला चिकटतो. अडॅप्टरवर चिठ्ठी लावा: ९ व्होल्ट, मधली पिन उणे की अधिक, आणि कुठल्या डब्याचा.